पिवळ्या चिठ्ठ्या

सात हजार मैलांवरच्या एका देशाशी आपल्या देशानं संबंध तोडावेत की नाही, हे ठरवायला एकोणीस नगरसेवक बसले होते, आणि सभागृहाच्या कोपऱ्यात गळक्या छताखाली बादली ठेवलेली होती. थेंब पडला की चिटणीस दचकायचा. बाकी कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

देशाचे विषय आधी घ्यायचे, ही तिथली जुनी रीत. कारण काही थोर नव्हतं. पेपरवाला चारला उठून जायचा, आणि गटारावर बोलून कुणाचा फोटो येतो का? गावाचे विषय मग उरल्या वेळात, घाईघाईनं, हात वर-हात खाली. पाचच्या ठोक्याला सभागृह मुलांच्या नाचाच्या क्लासला दिलेलं. त्यातूनही जे उरेल ते पुढच्या सभेत, म्हणजे तीन महिन्यांनी.

मोठ्या बाईंचा विषय नववा होता. नगरपालिकेनं बांधलेल्या राहत्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणं.

बाई सोळा वर्षं नगरसेवक. शाळा चौथीत सुटली, तोंड मात्र एकदाही बंद पडलं नाही. चार सुना हाताखाली वागवलेली बाई, अधिकाऱ्यांना काय भीक घालणार? त्या इमारतीची लिफ्ट पाच महिने बंद होती आणि चौथ्या मजल्यावर इस्त्रीवाल्याची बायको चाकाच्या खुर्चीत अडकून पडली होती. एकदा चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून उतरवायला घेतलं, तर तिसऱ्या मजल्यावर एकाचा हात सुटला. तेव्हापासून कुणी उचलतो म्हटलं की ती थरथर कापायची. आणि आता तिची थोरली बहीण दवाखान्यात होती. डॉक्टरांनी महिना सांगितला होता, तोही फार तर.

"आज मंजूर करून आणते," बाई इस्त्रीवाल्याला सकाळी म्हणाल्या होत्या. "नाही आणलं तर मला मोठी बाई म्हणू नकोस."

त्यानं त्यांचा कोट इस्त्री करून स्वतः घरी आणून दिला होता. दुपारी दुकान बंद करून तो प्रेक्षकांच्या बाकावर येऊन बसला, टोपी मांडीवर ठेवून.

सगळं सरळ झालं असतं. मध्ये मास्तर कडमडले.

मास्तर म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक, समोरच्या बाकावरचे. संबंध तोडण्याचा ठराव त्यांचाच. पाच मिनिटं बोलून झाली, बसता बसता ते म्हणाले, "मोठ्या बाईंनी यावर मत देण्याआधी तो देश नकाशात दाखवावा, एवढीच विनंती."

सभागृह हसलं. भिंतीवर नकाशा होताच, आणि बाईंना तो देश त्यात सापडला नसता हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. कानशिलं तापली. मांडीवरची पर्स त्यांनी धाडकन बाजूच्या खुर्चीवर टाकली आणि उभ्या राहिल्या.

"नकाशात मला माझा वॉर्डसुद्धा दाखवता येत नाही, मास्तर. पण त्यातलं कुठलं गटार कधी तुंबतं ते झोपेतून उठवून विचारा!"

टाळ्या पडल्या. पेपरवाल्यानं मान वर केली.

प्रत्येकाला पाच मिनिटं, असा नियम. पण ज्याला बोलायचं नाही त्यानं पिवळी चिठ्ठी दिली की त्याची पाच मिनिटं दुसऱ्याला मिळायची. बाईंची पाच मिनिटं संपत आली तशी मागून एक चिठ्ठी आली. बाई बोलायला लागल्या की करमणूक फुकट, मग कोण सोडतो? पाठोपाठ दुसरी आली.

"संबंध तोडा म्हणे! अहो, माझी जाऊ आणि मी नऊ वर्षं एकमेकींशी बोललो नाही. काय झालं? तिचं काही बिघडलं नाही, माझं काही बिघडलं नाही, मधल्या मधे पोरं चोरून भेटायला शिकली! सरकारनं आधी आमच्या घरी शिकायला यावं."

सभापतींनी हसून हसून चष्मा पुसला. तिसरी चिठ्ठी आली. चारला उठणारा पेपरवाला चार वाजून गेले तरी हलला नाही. मास्तर खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत बसले होते, आणि ते पाहून बाईंना काय गार गार वाटलं म्हणून सांगावं!

तेवढ्यात त्यांची नजर प्रेक्षकांच्या बाकावर गेली. सुरुवातीला इस्त्रीवालाही टाळ्या वाजवत होता. आता तो टाळ्या वाजवत नव्हता. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. मग त्यानं बाईंकडे पाहिलं. मग परत घड्याळाकडे.

बाईंना ते दिसलं. चौथी चिठ्ठी त्यांच्या हातात होती. ती टेबलावर ठेवून खाली बसायचं, एवढंच काम होतं.

"आणि आणखी एक सांगते," बाई म्हणाल्या.

ठराव पडला. सात हजार मैलांवरच्या त्या देशाला पत्ताही लागला नाही. मग दुसरा, तिसरा, चौथा विषय असे भराभर उरकले. आठव्या विषयात बागेतल्या बाकांना हिरवा रंग द्यावा की तपकिरी यावर दोघांची जुंपली, आणि दाराशी लहान मुलांचे पाय वाजायला लागले. पाच वाजले होते.

"उरलेले विषय पुढच्या सभेत," सभापती म्हणाले.

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे!" बाई ओरडल्या.

"बाई, आज तुम्ही पंचवीस मिनिटं घेतलीत," सभापती गोड आवाजात म्हणाले. "आता मुलांना नाचू द्या."

इस्त्रीवाला दारात भेटला. तो तोंडभर शिव्या देता तर बरं झालं असतं.

"छान बोललात, बाई," तो म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. नातीनं तो कापून आरशाला लावला. "आजी, कसली दिसतेस!" बाईंनी तो काढून ड्रॉवरमध्ये पालथा घातला. "घरात बघायला मी जिवंत आहे अजून," म्हणाल्या, आणि चहा अर्धा टाकून बाहेर पडल्या.

जिन्याच्या अठ्ठ्याऐंशी पायऱ्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. इथंच हात सुटला होता. सबबी सगळ्या तयार होत्या: सभापती आडमुठा, बाकांचा रंग, नाचाचा क्लास. वर पोहोचेपर्यंत धाप लागून त्यातली एकही शिल्लक राहिली नाही.

इस्त्रीवाल्याची बायको खिडकीपाशी शर्टाला बटण लावत होती.

"अगंबाई, तुम्ही? एवढं चढून? बसा, आधी पाणी घ्या. पेपरात फोटो पाहिला हो. हे सांगत होते, काय बोलल्या म्हणे बाई! जावेचं ऐकून तर मी इतकी हसले."

ती मनापासून बोलत होती. बाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण चौथ्या मजल्यावर जमीन तरी कुठली?

"वेळ मीच खाल्ला," बाई म्हणाल्या.

"असू दे हो. सभेत होतं असं."

"असू दे नाही. तुझा नवरा घड्याळाकडे बघत होता. मी पाहिलं. पाहूनसुद्धा बोलत राहिले, टाळ्या पडत होत्या म्हणून. नीट ऐक, परत मला सांगायला जमायचं नाही."

बटण लावणारा हात थांबला. मग दोऱ्याची गाठ मारून तिनं तो दातानं तोडला.

"ताई काल विचारत होती फोनवर, कधी येतेस म्हणून," ती म्हणाली. "मी आज कळवते म्हटलं होतं." आणि तिनं टेबलावरचा कागद पुढं सरकवला. "मास्तर आले होते काल संध्याकाळी."

"कोण मास्तर?"

"तुमचे, सभेतले. सहा सह्या झाल्या तर आठवड्यात खास सभा बोलवावी लागते, असा नियम आहे म्हणाले. अर्ज स्वतः लिहून आणला. पहिली ओळ तुमच्यासाठी सोडलीय. विषय बाईंचा आहे, मानही बाईंचाच, असं म्हणाले."

कागदावर भूगोलाच्या शिक्षकाचं टपोरं अक्षर होतं. दुसऱ्या ओळीवर मास्तरांची सही. गुडघ्यावर पट्टा बांधून फिरणारा माणूस हा, तोही अठ्ठ्याऐंशी पायऱ्या चढला होता. तेही सभेत बाईंकडून लोळवून घेतल्यावर दोन तासांच्या आत. त्या वेळी बाई घरी फोन उचलून शाबासक्या घेत होत्या.

त्यांनी पेन मागून घेतलं. पहिली ओळ कोरीच ठेवली आणि मास्तरांच्या सहीच्या खाली, तिसऱ्या ओळीवर, एकेक अक्षर जोडत सही केली. चौथीतली ती सही, नेहमीसारखीच वाकडी आली.

आणखी चार हव्या होत्या. पिवळ्या चिठ्ठ्या देणारे चौघं कुठं राहतात ते बाईंना नकाशाशिवाय पाठ होतं. त्यांनी कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. कोटाची इस्त्री अजून मोडली नव्हती.

"ताईला काय कळवू?" मागून प्रश्न आला.

बाईंच्या तोंडावर नेहमीसारखं 'आणते म्हणजे आणते' आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"सह्या घेऊन येते, मग कळव," त्या म्हणाल्या आणि कठडा धरून पायऱ्या उतरायला लागल्या.