सव्वादहाचा रकाना

"रक्त चढायला लागलं की पहिली पंधरा मिनिटं पोरीवरची नजर हलवू नकोस. चहा काय पळून जातोय?" वॉर्डातल्या आयाबाईंनी मला पहिल्याच खेपेला बजावलं होतं. "सिस्टर आहेत की," असं म्हणून मी खुशाल कँटीनला गेले होते.

लेक आता चार वर्षांची आहे. थॅलेसेमियामुळे दर तीन आठवड्यांनी तिला रक्त लागतं. मी आता कँटीनला जात नाही.

त्या मंगळवारी वॉर्डात नर्सचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेल्या मॅडमनी सहाजणींना लेकीच्या खाटेभोवती उभं केलं. दोघींनी पिशवीवरचा नंबर मोठ्याने वाचला, मनगटावरच्या पट्टीशी ताडला आणि मला लेकीचं पूर्ण नाव विचारलं. एरवी "हीच ना ती?" एवढ्यावर भागायचं. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं, तसा तो प्रकार. मला बरं वाटायच्या ऐवजी शंकाच आली.

रक्त सुरू केलं आमच्या लाडक्या सिस्टरनी. सुई टोचताना लेक रडत नाही ती फक्त त्यांच्याच हातून. मॅडम बाकीच्यांना घेऊन टेबलाकडे वळल्या. सिस्टरनी तक्त्यावर भराभर काही लिहिलं, लेकीचा गालगुच्चा घेतला आणि त्याही गेल्या.

घड्याळात दहा वाजून सहा मिनिटं. मी मान वाकडी करून तक्ता पाहिला. पंधरा मिनिटांनी तपासून भरायच्या सव्वादहाच्या रकान्यात नाडी शंभर, ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. खाली सहीसुद्धा!

बोलावं तरी पंचाईत. दर तीन आठवड्यांनी हाच हात माझ्या लेकीची नस शोधणार. आणि नवरा म्हणतोच, "तुला सगळीकडे काळंबेरं दिसतं." मी पुन्हा लेकीकडे वळले.

"आई, पांघरूण दे ना."

पंखा बंद होता. मला तर घाम येत होता. पर्समधला थर्मामीटर तिच्या काखेत लावला. एकशे एक.

"सिस्टर!"

"अहो ताई, घरचा थर्मामीटर काय घेऊन बसलात? आत्ताच बघितलंय मी. नॉर्मल आहे."

"आत्ताच म्हणजे कधी? सव्वादहा वाजायला अजून चार मिनिटं आहेत!"

मॅडम तोवर खाटेपाशी पोचल्या होत्या. त्यांनी आधी रक्ताची नळी बंद केली. "कारणं मागाहून. डॉक्टरांना बोलवा." नवी नळी लावून सलाईन सुरू झालं, पिशवी रक्तपेढीत परत गेली. तासाभराने लेकीची हुडहुडी थांबली. रक्त तिच्याच गटाचं होतं, अंगाला मानवलं नाही, अशा वेळी थंडी वाजते, कंबरही दुखते, असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर थांबवलं, हेही म्हणाले.

मग मॅडमनी विचारलं, "पुढचा रकाना आधीच कोण कोण भरतं?"

सगळ्या तक्त्याकडे बघायला लागल्या. तेव्हा मॅडमनी स्वतःचाच हात वर केला. "मीही भरलाय. चला आता." एकेक हात वर गेला. आमच्या सिस्टरचा सगळ्यात शेवटी. "पस्तीस पेशंट आणि आम्ही दोघी, मॅडम."

"मग रिकामा सोडा. माणूस कमी आहे हे वरच्यांना दिसू दे तरी."

त्यानंतर आम्ही तीनदा जाऊन आलो. सिस्टर आता पंधरा मिनिटं स्टुलावरून उठत नाहीत. "बघा ताई, हललेय का? परीक्षक समोरच बसलेत ना माझे!" मी हसते. पण त्या लेकीकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघतात, हे काही माझ्या नजरेतून सुटत नाही.

परवा समोरच्या, खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा होते. निवृत्त पोस्टमन. मंगळवारी सकाळी सून त्यांना सोडून ऑफिसला जाते. त्यांचंही रक्त आमच्याच वेळेला सुरू झालं. सिस्टर पूर्ण पंधरा मिनिटं आमच्याजवळ. मग त्यांच्याजवळ कोण होतं? लेकीला सोडून मला उठता येईना, आणि तिथून त्यांचा तक्ता दिसेना.

तुमचं कुणी रक्ताच्या वॉर्डात असेल आणि मंगळवारी सकाळी तुमचं तिकडे जाणं झालं, तर खिडकीजवळच्या त्या खाटेपाशी थोडं थांबा. आजोबा, थंडी वाजतेय का, कंबर दुखतेय का, एवढं विचारा. आणि "काही नाही, ठीक आहे" म्हणाले, तरी त्यांच्या कपाळाला हात लावून बघा.