जिन्यापासून टाळ

जाईचे बाबा कारगिलला होते. घरी फोन नव्हता, म्हणून जमेल तेव्हा ते सानपाड्याला तिच्या शाळेत फोन करायचे. शिपाई धर्माकाका बोलवायला वर्गाच्या दारात आले की पोर बाक घट्ट धरायची. फोन बाबांचा आहे की बाबांबद्दलचा, हे तिला कसं कळावं?

धर्माकाका शिरवणे गावाच्या भजनात टाळ धरायचे. ते तिला म्हणाले, "बाबांचा फोन असंल तं मी जिन्यापासूनच टाळ वाजवत येन. माऊलीची आन हाय."

मग टाळ ऐकू आले की मुलं ओरडायची, "जाई, तुझं कीर्तन आलं!" आणि ती धावत सुटायची.

जुलैत तीन आठवडे टाळ वाजले नाहीत. मग एके दिवशी फोनवर फौजेतले अनोळखी साहेब होते. "मुलीला घरी पाठवा, आम्ही येतोय," एवढंच बोलले.

काका सवयीनं टाळ घेऊनच जिना चढले. पांडुरंगाला विनवत दारात उभे राहिले, पण हात उचलेना.

जाईनं बाक घट्ट धरला.

"काका, विसरलात तुम्ही," ती म्हणाली. "वाजवा ना. काका, वाजवा ना!"