स्कीममध्ये नसलेली ऊब

बसा मित्रांनो, पण माझ्यावर बसू नका. माझ्या पाठीला डोक्यापासून पायापर्यंत तडा गेला आहे आणि त्याची धार लागते. मी जहाजावरचा एक जुना गरम पलंग आहे. सध्याचा मुक्काम आष्टी, तालुका परतूर, जिल्हा जालना. उकिरड्याच्या अलीकडे, कडुलिंबाच्या बुडाशी. हसू नका. समुद्र इथून किती लांब आहे ते मलाही ठाऊक आहे. मी तो पाहिला आहे, तुम्ही नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पोटात लोखंडी सांगाडा, त्यावर तापणाऱ्या तारांचं जाळं आणि वरून गुळगुळीत दगडी फरशी, कडेला निळी नक्षी. झोपणाऱ्याची कंबर अलगद टेकावी म्हणून कारागिराने माझ्या पाठीला एक बाक दिला. त्यासाठी त्याने म्हणे आपल्या सासूला ओल्या सिमेंटवर झोपवून साचा घेतला. ती अजून तिथून उठलेली नाही, असं माझ्या शेजारचा पलंग सांगायचा. तो खोटारडा होता. मी तसा नाही.

मला एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या वरच्या मजल्यावर बसवलं. तिथे एक खास दालन होतं. एक वाफेची खोली, एक कोरड्या उष्णतेची लाकडी खोली, कोमट पाण्याचं कुंड आणि समुद्राकडे तोंड करून आम्ही सहा पलंग. जहाज थंड मुलखात गेलं की देवमासे आमच्या खिडकीला पाठ लावून शेकत उभे राहायचे. एकदा समुद्र असा गोठला की लाटा जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. तेव्हा कप्तानाने मला पाण्यात सोडलं, आणि मी पुढे बर्फ वितळवत पोहत गेलो, मागून जहाज आलं. खोटं वाटत असेल तर कप्तानाला विचारा. तो हल्ली कुठे असतो ते मला माहीत नाही.

पण त्या दालनाचं एक होतं. जहाजाचं भाडं भरलं म्हणून तिथे येता येत नसे. त्याचे पैसे वेगळे. ते भरले की दारावरची मुलगी मनगटाला निळी पट्टी बांधायची. मग जेवणाच्या टेबलांवर रोज तोच वाद, पट्टी घेण्यात अर्थ आहे का नाही. ज्यांनी घेतली नाही ते काचेतून आत बघून म्हणायचे, काय ठेवलंय तिथे. ज्यांनी घेतली ते वसुलीला यायचे. डोळे मिटून पडलेले असायचे, पण कपाळावरची आठी काही केल्या जायची नाही. काही जण तर सकाळी येऊन माझ्यावर टॉवेल टाकून जागा धरायचे आणि नाश्त्याला निघून जायचे. मी दुपारपर्यंत त्या ओल्या टॉवेलला शेकत बसायचो. माझ्या आयुष्यातली निम्मी ऊब टॉवेलांना गेली, मित्रांनो. देवमाशांची गोष्ट सोडून द्या हवी तर, ही मात्र लिहून ठेवा.

एका वर्षी कुठल्याशा बियाणे कंपनीने आपल्या दुकानदारांना त्या जहाजाची सहल दिली. जास्त माल विकला की सहल, अशी त्यांची स्कीम असते. त्यात आष्टीचा कृषी सेवा केंद्रवाला अप्पाराव होता, त्याची बायको कांताबाई होती आणि अप्पारावचा दोस्त, परतूरचा दुकानदार राधेश्याम होता. कांताबाई साडीवर बूट घालून, एक हात कमरेवर ठेवून चालायची. पहिल्याच दिवशी ती काचेपाशी थांबली.

"आवं, हे काय हाय?"

"गरम फरशी. नुसतं पडायचं त्याच्यावर," अप्पाराव म्हणाला.

"कमरेला बरं वाटत आसंल."

"आसंल."

"मंग चला की."

"आपल्या स्कीममध्ये न्हाई ते. ज्याचे त्याला भरावं लागतेत." मग बायकोचं तोंड बघून तो म्हणाला, "घरी गेल्यावर शेगडी पेटवून देतो तुला. बाजंखाली ठिवू. ह्याच्यापरीस भारी काम."

कांताबाईने मान हलवली आणि ती पुढे गेली. त्याच संध्याकाळी अप्पारावने कप्तानाची टोपी घालून फोटो काढून घेतला, चांगला दारात मावणार नाही एवढ्या चौकटीत. तोही स्कीममध्ये नव्हता.

राधेश्यामने मात्र पट्टी घेतली. तो माझ्यावर पडून उठला की दाराबाहेर अप्पाराव उभाच.

"कसं काय हाय?"

"काय न्हाई बघ. मे महिन्यात आपल्या वट्ट्यावर पडलं तरी हेच. उलट घाम काढायचे पैसे घेऊन राह्यले."

"मंग दिवसातून चारदा कशाला जातो?"

"भरलेत ना आता. सोडू का?"

दोघे हसत जेवायला जायचे, आणि कांताबाई मागे राहायची. काचेची भिंत आतल्या उष्णतेने कोमट असायची. बाहेरच्या बाजूने ती त्या काचेला पाठ लावायची आणि कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी उभी राहायची. दारावरच्या मुलीला ते कळलं होतं, पण तिने कधी हटकलं नाही. तिला मराठी येत नव्हतं, म्हणूनच असेल, कांताबाईने सगळं तिलाच सांगितलं.

"माझी संध्या झाली तव्हा मिरगाची गर्दी व्हती दुकानावर. पिशव्या उचलायला कुणी न्हवतं. पाचवी पुजली आन बाजंवरून उठले. शेक घेतलाच न्हाई. तव्हाची धरली ही कंबर."

इकडे बाळंतिणीला बाजेवर झोपवून खाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, चांगला सव्वा महिना. हा शेक चुकला की कंबर जन्मभर धरते, असं बायका मानतात. मुलीने मान डोलावली. मी आत होतो, माझ्यावर एक टॉवेल झोपला होता.

पुढे जहाज म्हातारं झालं. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याला ओढून आणलं आणि तोडलं. माझ्या भावंडांची विल्हेवाट कुठे लागली देव जाणे. मी लोखंडाच्या ढिगात पडून ट्रकने जालन्याला आलो. जालन्यात भंगार वितळवून सळ्या करतात. भट्टीत जायची माझी पाळी जवळ आली होती, आणि नेमका अप्पाराव त्या अड्ड्यावर गोदामाच्या पत्र्यांसाठी अँगल शोधत आला. तुम्ही म्हणाल, ही पण थापच. मलाही तसंच वाटलं. पण त्याने माझ्या कडेची निळी नक्षी ओळखली आणि जागेवरून फोन लावला, "राधेश्याम, तुझा पलंग घावला रे."

ज्या माझ्यासाठी लोक मनगटं बांधून घेत होते, त्या मला त्याने किलोवर घेतलं.

तरी टेम्पोत मी खूश होतो. मला वाटलं, आता ती येईल. आलीच. अंगणात मला उतरवल्यावर तिने फरशीवरून हात फिरवला.

"ह्यो तोच का?"

"तोच. आता बघ दुकानाची कशी हवा होती."

अप्पारावने दुकानाच्या मागे एक खोली बांधली, तिला समोरून काच लावली, जहाजावर होती तशीच. जळालेल्या मोटारींत नव्या तारा भरणाऱ्या शिवशंकरकडून माझ्या तारा जोडून घेतल्या. भिंतीवर टोपीचा फोटो. मग कंपनीचे साहेब येऊ लागले, इतर दुकानदार येऊ लागले, निवडणुकीच्या आधी पुढारीही येऊन पडून गेले. कांताबाई चहाचा ट्रे घेऊन आत यायची, ट्रे ठेवून बाहेर जायची. पाहुणे उठून गेले की अप्पाराव बटण बंद करायचा. एकदा ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या जरा चालू." तो म्हणाला, "एकटीसाठी मीटर फिरवायचं का?"

त्यात त्याला काही वाईट बोललो असं वाटलं नाही. हेच मला आजवर पचलेलं नाही. दुकानात जी गोष्ट स्कीममध्ये नाही ती उधळपट्टी, असं त्याचं डोकं आयुष्यभर चाललं, आणि बायको कुठल्याच स्कीममध्ये बसत नव्हती. ती पुन्हा काचेला बाहेरून पाठ लावून उभी राहू लागली.

एका दिवाळीनंतर संध्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. दवाखान्यातून आणल्या दिवशी कांताबाईने खोली धुतली, माझ्यावर वाकळ अंथरली आणि लेकीला, नातीला तिथे झोपवलं.

"आई, आधी तू पड," संध्या म्हणाली. "मला म्हाईत हाय तुझं."

"माझी वेळ गेली. तू पड गुमान."

त्याच आठवड्यात राधेश्याम कंपनीच्या एका साहेबाला घेऊन आला. कांताबाई दारात उभी होती.

"वहिनी, सायबांना जरा पाठ टेकायची व्हती."

"निळी पट्टी हाय का?"

"काय?"

"जहाजावर मागत व्हते ना. दाखवा मनगट."

साहेब हसला. अप्पाराव हसला नाही. "आगं, सायब आलेत."

"सायबाचं बाळंतपण झालं का?"

साहेबाचं हसू तिथेच थांबलं. राधेश्याम चपलेकडे बघू लागला. कांताबाई हळूच म्हणाली, कारण आत बाळ झोपलं होतं, "सव्वा महिना हे दार बंद. दुकान ह्या कमरेवर उभं केलंय, तव्हा मला कुणी पट्टी बांधली न्हवती."

माझ्या आयुष्यातला तेवढा सव्वा महिना काढून ठेवा, बाकी सगळं भंगार. माझ्यावर कुणी वसुलीला आलं नव्हतं. एक इवलीशी पाठ, जेमतेम वीतभर, तापून लालबुंद व्हायची आणि झोपेत हसायची. कांताबाई कडेला बसायची आणि एक तळहात माझ्यावर टेकवून ठेवायची. तेवढाच. लेकीच्या जागेत तिने बोटभरही जागा घेतली नाही.

संध्या सासरी निघताना म्हणाली, "आता सव्वा महिना तुझा, आई. अण्णांना सांगून चालले मी." आणि खरंच सांगून गेली. अप्पाराव नुसताच "बरं बरं" म्हणाला. कांताबाईने मला पुसलं आणि ठरवलं, उद्या दुपारची जेवणं झाली की.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली जळालेली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बदलली. नवीन डीपीवरून लाइट आली ती सगळा जोर घेऊन आली. गावातले पंखे विमानासारखे फिरले, राजूरपर्यंत उजेड दिसला म्हणतात. म्हणजे मी म्हणतो. माझ्या पोटात मात्र चर्र झालं आणि खोलीत जळका वास भरला. शिवशंकरने येऊन पाहिलं.

"तारा गेल्या. फरशी उचकून नव्या भराव्या लागतेन. होईल, न्हाई असं न्हाई."

अप्पारावने जरा विचार केला. "राहू दे. पाव्हणे बी कंटाळलेत आता. कशाला उगं खर्च."

कांताबाई तिथेच होती. तिने जेवणाची ताटं घेतली.

मग खोलीत खताच्या पिशव्या आल्या आणि मी अंगणात आलो. उन्हाळाभर माझ्यावर मिरच्या वाळल्या, कुरडया वाळल्या. एप्रिलमध्ये मी असा तापायचो की एकदा एक कावळा बसला आणि भाजूनच उठला. पण तेव्हा ऊब कुणाला हवी असते? आणि थंडीत, तिची कंबर तिला वाकू देत नसे तेव्हा, मी बर्फाची लादी.

परवाची गोष्ट. कडाक्याची थंडी पडली होती. कांताबाईने पऱ्हाट्या पेटवल्या. कापूस वेचून झाला की उरतात ना, त्या काड्या. त्यांचे निखारे घमेल्यात काढले आणि घमेलं माझ्याखाली सरकवलं, बाजेखाली शेगडी सरकवतात तसं. वर वाकळ टाकली आणि ती पडली. काचेबाहेर बघितलेली कंबर इतक्या वर्षांनी माझ्या बाकात टेकली, आणि मित्रांनो, तो बाक तिच्याच मापाचा होता. सासूची गोष्ट खोटी होती.

मी विजेवर तापायला घडवलेला. निखारे मला सोसणार नाहीत हे मला माहीत होतं, पण सांगू कसं? आणि सांगता आलं असतं तरी गप्पच बसलो असतो. थोड्या वेळाने ठाप् असा आवाज झाला आणि माझी फरशी वरपासून खालपर्यंत तडकली. अप्पाराव दुकानातून धावत आला.

"फोडलंस ना."

"फुटू द्या." तिने डोळे उघडले नाहीत.

"उठ, लागंल ते."

"निखारे हायेत तवर उठत न्हाई."

तो उभा राहिला. घमेल्याकडे बघत म्हणाला, "मी देणार व्हतो पेटवून. शेगडी."

"व्हय," कांताबाई म्हणाली. "जहाजावर."

म्हशीच्या धारेची वेळ झाली तेव्हा निखाऱ्यांची राख झाली होती. ती उठली, कमरेवर हात ठेवूनच उठली. इतक्या वर्षांचा चुकलेला शेक एका घमेल्यात निघत नाही. उद्या भंगारवाल्याचा टेम्पो येणार आहे, म्हणून आज हे सगळं सांगून घेतलं.

लोक मला अजून विचारतील, त्या गरम दालनाचे पैसे भरणं परवडतं का. मी खुद्द तो माल आहे, माझं ऐका. टॉवेलासाठी भरायचे असतील तर नाही. बायकोच्या कमरेसाठी असतील तर पट्टी महाग नव्हती, अप्पाराव. तुमच्या घरात कुणी भिंतीला पाठ लावून उगाच उभं राहत असेल, मित्रांनो, तर ती कुणाची वाट बघत नाही. तिला आत बोलवा, निखारे आहेत तोवर.

मी आता जालन्याला परत चाललो. तिथली भट्टी फार गरम असते म्हणतात. आत जाताना दारात कुणी मनगट बघत नाही.