हशरच्या विटा

ताश्कंदच्या जुन्या भागातला तो मोहल्ला पाडायचा ठरला, तेव्हा बाकीच्यांनी रडून घेतलं आणि अंजिरतओपा, म्हणजे सगळ्यांची अंजिरतताई, पोकलेनवाल्याशी भांडायला गेली.

"अरे, घर पाडतोयस की सूड उगवतोयस? वरून खाली ये ना! आधी पत्रा, मग तुळया, मग खिडक्या. एकदम सोंड घातलीस की सगळ्याचा भुगा."

"भुगाच करायचाय, ओपा. ट्रक भरायचे नि घळीत ओतायचे. मला एवढंच सांगितलंय."

घळीत ओतायचे म्हटल्यावर ओपाचं डोकंच फिरलं. सासऱ्यांच्या काळची वीट होती ती, चिखलात बसवलेली. अशी वीट हातोडीच्या एका टोल्यात सुटते आणि नव्यासारखी हातात येते. पुढच्या पिढीने सिमेंट आणलं. त्यातली वीट फुटेल, पण सिमेंट सोडणार नाही. आणि ही सोन्यासारखी वीट घळीत?

विटा तिला हव्या होत्या लेकीसाठी. मुकद्दसला नवऱ्याने दोन मुलींसकट माहेरी धाडलं होतं. घराच्या बदल्यात मिळालेला फ्लॅट असा, की रात्री गाद्या घातल्या की दार उघडायची सोय नाही. पण शहराबाहेर ओपाच्या मालकीचा जर्दाळूच्या बागेचा एक तुकडा होता. तिथे दोन खोल्या नि पुढे पडवी एवढं तिने मनात बांधून टाकलं होतं. माहेरी आल्यापासून मुकद्दस हूं की चूं करत नसे. घराचं निघालं तेव्हा मात्र आईला हळूच म्हणाली, "ओयी, खिडकी डोंगराकडे ठेवू या?" त्या वाक्यापायी ओपा अख्ख्या शहराशी भांडली असती.

मोहल्ल्याचे प्रमुख होते मिरवलीअका. ओपाचा नवरा गेला तेव्हा त्यांनीच पुढे होऊन खांदा दिला होता, आणि तेव्हापासून ती त्यांना खरोखरच अका, म्हणजे थोरला भाऊ, मानत होती. त्यांनी पोकलेनवाल्याला बाजूला घेतलं, त्याच्याशी काहीतरी बोलले आणि हसत परत आले. "सुटीच्या दिवसापर्यंत थांबतोय तो. हशर बोलवू या, अंजिरत."

हशर बोलवली की सगळ्यांनी कामाला यायचं, मजुरीचं नाव काढायचं नाही आणि ज्याचं काम त्याने पुलाव घालायचा. ओपाने आजवर कुणाची हशर चुकवली नव्हती, आणि तिचीही कुणी चुकवली नाही. अख्खा मोहल्ला आला. स्वतःच्याच घरांच्या ढिगाऱ्यावर बसून लोक विटा सोलत होते. पुरुष विटा सुट्या करत, बायका छिन्नीने चिखल खरवडत, पोरं थर लावत. ओपाच्या एकटीच्या घराच्या विटा पुरणार नाहीत हे दिसल्यावर शेजारीण होसियत उठली. "माझ्या न्हाणीघराची भिंत घे. निळी आहे, तुला आवडायची नाही म्हणा."

"तुझा रंग नि तुझी जीभ, दोन्ही खरवडून काढीन," ओपा म्हणाली. बायका खदखदून हसल्या. मग कुणी हिरवी भिंत दिली, कुणी गुलाबी. संध्याकाळपर्यंत विटांचा ढीग माणसापेक्षा उंच झाला. ओपाला त्या दिवशी घर गेल्याचं दुःखच आठवलं नाही.

"आता थंडी तोंडावर आलीय," मिरवलीअका म्हणाले. "गारठ्यात बांधकाम धरत नाही. बागेत विटा टाकल्यास तर रात्रीत चोर नेतील. माझं अंगण पाडापाडीतून वाचलंय, तिथे राहू देत. वसंतात घेऊन जा."

ओपाने त्यांच्या हाताला डोळे लावले.

वसंत आला. ती विटा मागायला गेली तर मिरवलीअका मान खाली घालून बसलेले. बर्फाचं पाणी विटांत मुरलं, गोठलं आणि विटा तडकल्या, म्हणाले. हात लावला की खपली निघत होती. मग पाडकामाचा राडारोडा भरडायचं नवं यंत्र आलंय ना शहरात, तिथे पाठवून दिल्या. "रस्त्याखाली गेल्या, अंजिरत. वाया नाही गेल्या एवढंच समाधान मान. मला तर तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती."

आणि ही बाई त्यांचंच सांत्वन करून आली! घरी येऊन लेकीला म्हणाली, "नशिबात नव्हतं. पुढे बघू." खिडकीचा विषय पुन्हा निघाला नाही.

जर्दाळू पिकले त्या सुमारास मिरवलीअकांच्या थोरल्याने नवा चायखाना काढला. पहिल्या दिवशी साऱ्या जुन्या मोहल्ल्याला पुलावाचं आमंत्रण होतं. मंडळी कुठल्या कुठल्या इमारतींत पांगलेली. ती गळ्यात पडत, डोळे पुसत आली. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली ताटं लागली. ओपा नातींना आवरून उशिरा पोचली, तोवर सगळ्यांची जेवणं झाली होती. मिरवलीअका म्हणाले, "आता आत चला, दालन बघा."

आतली लांब भिंत उघड्या विटांची होती. जुन्या विटांची सध्या फॅशन आहे ना! कारागिराने रंगाचे डागही मुद्दाम तसेच ठेवले होते. कुठे हिरवा, कुठे गुलाबी, आणि मध्यभागी होसियतच्या न्हाणीघराचा निळा. प्रत्येकाला आपापली भिंत ओळखू आली.

"ह्या माझ्या विटा आहेत," ओपा म्हणाली. "अका, तुम्ही म्हणालात रस्त्याखाली गेल्या."

"काही गेल्या, काही वाचल्या," मिरवलीअका शांतपणे म्हणाले. "आणि तुझ्या एकटीच्या कुठे आहेत? सगळ्यांच्या आहेत. सगळे इथे बसून चहा पितील. घळीत जाण्यापेक्षा बरं नाही का?"

ओपाने होसियतकडे पाहिलं. होसियत तिच्या कानाशी कुजबुजली, "गप बस गं. त्यांचं मीठ आत्ताच पोटात गेलंय. कसं बोलू?"

म्हणजे आधी जेवू घातलं आणि मग भिंत दाखवली! किती हुशारीने केसाने गळा कापला होता. "मी नाही जेवलेली," ती मोठ्याने म्हणाली. "ऐका सगळे. येत्या रविवारी बागेत माझी हशर आहे. ज्याने त्याने ह्या भिंतीतली आपली वीट काढून घेऊन यायचं. पुलाव माझा."

रविवारी पहाटेच तिने बागेत कढई चढवली. मांस, गाजरं, जिरं, काही कमी केलं नाही. मुकद्दसने चटया घातल्या. उन्हं डोक्यावर आली. रस्त्यावर मोटारी येत नि पुढे जात. वीट जाऊ दे, रिकाम्या हातानेही कुणी फिरकलं नाही. होसियतसुद्धा नाही. आयुष्यभर ह्या लोकांच्या भिंती लिंपल्या, त्यांच्या लेकींच्या लग्नात भांडी घासली. ओपाला आता रागही येईना.

दुपारी एक मोटार थांबली. मिरवलीअका एकटेच उतरले, काखेत दोन ताजे नान. "तुझी हशर चुकवून कसं चालेल?" म्हणत चटईवर ऐसपैस बसले.

दारी आलेल्याला हाकलायचं कसं? ओपाने प्याला घेतला. पाहुण्याला मान द्यायचा तर चहा तळाशी घोटभर ओततात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागतो. तिने प्याला काठोकाठ भरला आणि पुढे सरकवला. 'पी आणि चालता हो' हे त्याहून स्पष्ट कुणी सांगत नाही.

मिरवलीअकांनी भरल्या प्याल्याकडे पाहिलं. चटका बसत होता म्हणून ते वाकले आणि चटईवरूनच सुरसुर करत सगळा चहा प्यायले. मग मिशा पुसून प्याला पुन्हा तिच्यापुढे ठेवला. "झकास! अजून दे. आणि पुलाव वाढ, भूक लागलीय."

तिचं मीठ खायला आला होता हा. एकदा ते खाल्लं, की सगळ्यांना सांगणार, अंजिरतचं नि माझं मिटलं.

मुकद्दसने ताट उचललं होतं. ओपाने ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि कढईवर झाकण ठेवलं. जन्मात कधी तिने ह्या माणसाला अका म्हटल्याशिवाय हाक मारली नव्हती.

"ऊठ, मिरवली," ती म्हणाली.