लाडक्या रांगेतली अळी

काचघरातल्या सदाफुलीला अळी लागली होती आणि ती काही केल्या सापडत नव्हती. धाकटीने पानं उलटीपालटी करून पाहिली, कुंड्या हलवल्या, भिंग लावलं. कुरतडलेल्या कडा रोज नव्याने दिसत. अळी मात्र कुठे तोंड लपवून बसली होती कोण जाणे!

धाकटी ही घरातली धाकटी. थोरली बहीण आधी याच वनस्पती-संशोधन संस्थेत होती, म्हणून इथेही तिला तेच नाव चिकटलं. नावाला धाकटी, पण दावा मोठा ठोकून बसली होती. सदाफुलीच्या पानात अल्कलॉइड नावाची कडू द्रव्यं तयार होतात. झाड ती बनवतं किड्यांचं तोंड वाकडं व्हावं म्हणून, आणि माणसं त्यांतून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध काढतात. अडचण एवढीच, की पोतंभर पानं पिळली तरी चिमूटभरसुद्धा हाती लागत नाही. धाकटीचं म्हणणं होतं, झाडाला तहानलेलं ठेवा, ते चिडेल आणि जास्त कडू होईल.

म्हणून मागच्या भिंतीशी तहानलेली रांग होती. दाराशी होती लाडकी रांग, निव्वळ तुलनेसाठी. तिला वेळच्या वेळी पाणी, खत, सगळे चोचले. दावा खरा ठरला तर काचघर टिकणार होतं. खोटा ठरला तर संस्थेच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, ते पाडून गाड्या लावायला जागा करणार होत्या. मग धाकटीलाही घरी बसावं लागलं असतं.

पानांची तपासणी होई गावाच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या यंत्रावर. पानात द्रव्य जितकं जास्त, तितकं यंत्राच्या कागदावर उंच शिखर उमटे. ते यंत्र चालवणाऱ्याला सगळे शिखरवाला म्हणत. तो रोज संध्याकाळी धाकटीला फोन करी. सुरुवातीला नमुन्यांविषयी बोले. मग नमुने संपले तरी फोन संपेना. त्याच्या यंत्राचे रुसवेफुगवे, तिच्या आईचं घोरणं, जगात इतकी माणसं असताना मोजा नेहमी एकच का हरवतो, असे गहन विषय निघत. काचघरात रेंज फक्त दाराशी यायची. धाकटी तिथे एका पायावर उभी राहून हसत सुटायची. घरी जाताना तिचे पाय जमिनीला लागत नसत.

"हल्ली तुझ्या हातचा चहा कडू का लागतो गं?" आईने एकदा विचारलं.

"तुझ्याच तोंडाची चव गेलीय," धाकटी म्हणाली आणि उगाचच गाणं गुणगुणत आत पळाली.

मोठ्या बाईंसमोर निकाल मांडायचा दिवस उद्यावर आला, आणि संध्याकाळी फोन आला.

"एक विचारू?" शिखरवाल्याचा आवाज बारीक झाला होता. "रांगांच्या चिठ्ठ्या अदलाबदल तर नाही ना झाल्या? तहानलेल्यांची शिखरं बेताचीच आहेत. लाडक्यांची मात्र कागदाबाहेर चाललीत. फक्त मधल्या एका आठवड्यात ती एकदम बसलीत."

चिठ्ठ्या तर धाकटीने स्वतः लावल्या होत्या. करायला गेली एक आणि झालं भलतंच! "अहो, त्या रांगेला तर अळी लागलीय," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "रोज नवी पानं कुरतडते मेली."

"मग शोधू आपण तिला. मी उद्या येतोच आहे. अळीला म्हणावं, शिखरवाला येतोय, यंत्रात घालेन."

रडता रडता धाकटी फिसकन हसली आणि तिची नजर खाली गेली. चपलेभोवती हिरव्या तुकड्यांचा सडा पडला होता. डाव्या हातात फोन होता. उजव्या हाताची नखं हिरवीगार झाली होती, आणि त्या नखांत लाडक्या रांगेतल्या सदाफुलीचं पान, अर्धं कुरतडलेलं! घरी फोनवर बोलताना तिने पडद्याच्या झालरी उसवल्या होत्या, म्हणून आई तिला खिडकीपाशी उभं राहू देत नसे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? अळी ती स्वतःच होती. आणि चहा कडू लागला यात आईचा काही दोष नव्हता.

मग मधला आठवडा? तो आठवताच तिचे कान तापले. झोप कसली येतेय! खोटं बोलून काचघर वाचेल का, हा विचार आला. पण कारण लपवलं तर ही शिखरं खरी कोण मानणार?

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. शिखरवाला मागच्या खुर्चीवर कागदाची गुंडाळी घेऊन बसला होता. धाकटी एका दमात बोलली. "माझा दावा चुकला. तहानेने फारसं काही झालं नाही. पण रोज थोडं थोडं खुडल्याने झाड जास्त कडू झालं असावं. मीच खुडत होते. फोनवर बोलताना. नकळत."

मोठ्या बाईंनी चष्मा वर केला. "असावं म्हणून कसं चालेल? आणि मधल्या आठवड्यात शिखर का बसलं? तेव्हा खुडलं नाहीस?"

"नाही."

"का?"

धाकटीने टेबलाची कड घट्ट धरली. "त्या आठवड्यात त्यांचा घसा बसला होता."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग एकेक मान मागच्या खुर्चीकडे वळली. शिखरवाल्याच्या हातातली गुंडाळी सुटली आणि सगळी उंच शिखरं जमिनीवरून उलगडत थेट मोठ्या बाईंच्या पायांशी आली. त्यांनी ती वाकून पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

"एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. प्रयोग पुन्हा करावा लागेल," त्या म्हणाल्या. "नीट कात्री घेऊन, मोजून मापून. काचघर तोवर राहील. आणि फोन बाहेर करायचा."

धाकटीला हसू की रडू कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"बाई," शिखरवाला उभा राहून म्हणाला. तो कानापर्यंत लाल झाला होता. "फोनची गरज पडणार नाही. मी रोज संध्याकाळी इथेच येईन म्हणतो. फक्त यांच्या हातात धरायला काहीतरी द्यावं लागेल."