जाड चटई

मास्तरीणबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांचे चिरंजीव चारचौघांत हसत सांगायचे. साफ खोटं. कारण लागायचंच, आणि ते बहुतेक वेळा चिरंजीवच पुरवायचे.

बाईंनी उभी हयात पोरांना पोहायला शिकवण्यात घालवली. गावातला दातांचा डॉक्टर, बसचा ड्रायव्हर, बँकेतली ती करड्या आवाजाची मॅनेजर, सगळे त्यांच्या हाताखाली नाकातोंडात पाणी जाऊन शहाणे झालेले. आणि अशी बाई गेल्या वर्षी घसरली कुठे, तर न्हाणीघरात! खुबा मोडला. सकाळपासून फरशीवर पडून होत्या, संध्याकाळी चिरंजीव कामावरून आले तेव्हा सापडल्या. हाडात धातूची पट्टी बसली, हातात काठी आली आणि चिरंजीवांच्या अंगात पहारेकरी शिरला. जिना नको, ओली फरशी नको, पाण्याचं तर नावच नको.

चिरंजीवांनी हौसेने घेतलेली एक छोटी मोटरबोट होती. सुट्टीला तलावावर जायचं, सगळ्यांनी पाण्यात डुंबायचं आणि बाईंनी केबिनच्या सावलीत बसून चपला राखायच्या. हे सूनबाईलाच बघवेना. तिने मधला मार्ग काढला: तरंगती चटई.

"आईंना पाण्यातून बोटीची शिडी चढता येत नाही ना? मग चटई बोटीच्या मागे बांधू. बोटीतून सरळ चटईवर, चटईवरून सरळ बोटीत."

"आणि पाण्यात कधी?" बाईंनी विचारलं.

"पाणी अंगाखालीच असेल की," चिरंजीव म्हणाले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी अंगाखाली! मग पलंगाखाली बादली ठेवा आणि त्यालाच पोहणं म्हणा.

दुकानात चटया गुंडाळून भिंतीशी उभ्या केल्या होत्या. विक्रेती मुलगी हुशार होती. नमुन्याचे तुकडे चिमटीत दाबून दाखवत होती, मधल्या थराला जाळी का असते ते सांगत होती, दोरी अडकवायचं कडं ओढून दाखवत होती. पण सांगत होती सगळं चिरंजीवांना. बाई समोर खांबासारख्या उभ्या.

"आजींसाठी ना? मग ही पातळ न्या. भार पडला की हिची कड पाण्याखाली दबते, पाण्यातून वर सरकायला बरं पडतं. त्या पाण्यात उतरतात का?"

"छे छे!" चिरंजीव म्हणाले.

"तरी पातळच न्या. जाड चटईची कड दबत नाही. आजींना ती जमायची नाही."

"जाड द्या," बाई म्हणाल्या.

"अगं आई, ती काय म्हणतेय ऐक ना."

"ऐकलं. माझा खुबा मोडलाय, कान नाही. जाड द्या. पातळ चटईचा वर्षभरात भुगा होतो."

हे बाईंना कुठून ठाऊक? कुठूनच नाही. तरंगती चटई त्या जन्मात पहिल्यांदाच बघत होत्या. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि गेलेला शब्द माघारी घेणाऱ्यांतल्या बाई नव्हेत. पडले तरी नाक वर. जाड चटई घरी आली.

ती बोटीत मावेना. गुंडाळली तरी पिंपाएवढी. मागच्या बाकावर उभी केली तर चिरंजीवांना मागचं दिसेना, केबिनमध्ये ठेवली तर सूनबाईला पाय टेकायला जागा नाही, कठड्याला आडवी बांधली तर वारा तिला धरून बोट भलतीकडे ढकलायचा. बरं, नखरे किती! दुमडायची नाही, घडीवर चीर पडते. ओली गुंडाळायची नाही, कुबट वास मारतो. वर वजन ठेवायचं नाही, पडलेला खड्डा भरून येत नाही. एवढे लाड जावयाचेही होत नाहीत. दर वेळी उतरताना तिच्यावरून नवराबायकोचं वाजायचं, आणि दोघांपैकी कुणीतरी पुटपुटायचं, "आईंनाच जाड हवी होती."

एका रविवारी सकाळी त्यांनी बाईंना लाइफ जॅकेट चढवलं, डोक्यावर टोपी घातली आणि चटईवर निजवलं. दोरी चिरंजीवांच्या हातात. उन्हात गादी टाकावी तशा बाई पडून होत्या. शेजारी सूनबाई पोहत होती, तेही गुडघे पोटाशी घेऊन, सगळं चुकीचं.

"हात तरी बुडवू का?"

"बुडव की. पण कडेला सरकू नकोस हं, आई."

या "हं"चा बाईंना सगळ्यात जास्त संताप यायचा. लहान मुलांशी बोलताना त्यांनी स्वतः कधी तो वापरला नव्हता.

दुपारी बोट जेवणासाठी दुसऱ्याच एका धक्क्याला लागली. धक्क्यावर चढायला भिंतीत ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या, म्हणजे बाईंना वाट बंद. चटई धुऊन केबिनच्या टपावर पसरलेली होती.

"आम्ही जेवण बांधून घेऊन येतो," चिरंजीव म्हणाले. "तू बस निवांत. मधेच चटई उलटी कर, म्हणजे दुसरी बाजू वाळेल."

"म्हणजे मी आता चटईची राखण करू?"

"आई, सुरू करू नकोस."

ते दोघे वर चढून गेले. बाई दातओठ खात बसल्या. सुरू करू नकोस! याच पोराला पहिल्या दिवशी पाण्यात सोडला तेव्हा तो त्यांच्या गळ्याला असा चिकटला होता की नखं रुतली होती. तेव्हा त्यांनी त्याला काठावर बसवून चपला राखायला सांगितलं होतं का?

बाईंच्या कुर्त्याखाली पोहण्याचा पोशाख होता. दर सुट्टीला असायचा. कशासाठी, ते त्यांनी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी चटईची दोरी मागच्या हुकाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि कड धरून हिसका दिला. चटई टपावरून घसरली आणि धपकन पाण्यावर आडवी झाली. कुर्ता, काठी बाकावर ठेवून बाई बोटीच्या मागच्या फळीवर बसल्या, तिथून चटईवर उतरल्या, बसल्याबसल्या कडेपर्यंत सरकल्या आणि पाण्यात गेल्या.

पाणी खांद्याला लागलं आणि खुबा नाहीसाच झाला. पाण्यात बाई लंगडत नव्हत्या. हात आपोआप लांब जायला लागले, श्वास जिथे सुटायचा तिथे सुटायला लागला. एक वर्ष! एक अख्खं वर्ष या माणसांनी आपल्याला कोरडं ठेवलं! बाई रागारागाने पोहल्या, आणि पोहता पोहता त्यांना इतका आनंद झाला की त्याचाही राग आला.

मग त्या परत आल्या आणि चटईची कड धरली.

हातांवर जोर दिला. छाती वर आली, पण पाय येईना. पाण्यात गुणाने वागणारा तो पाय वर उचलायची वेळ येताच आपल्या जातीवर गेला. आणि कड तसूभरही दबेना. चटई फळीसारखी ताठ, वरून ओली, बोटं घसरायला लागली. पुन्हा केलं. चटईच बोटीखाली सरकली. शिडीकडे गेल्या, तर पहिल्या पायरीवर पाऊल पोचेना. पुन्हा चटई. आता दंडच थरथरायला लागले.

त्या पोरीने सांगितलं होतं. अगदी शब्दाशब्दाने सांगितलं होतं. "आजी" म्हणाली म्हणून आपण ऐकलं नाही. हात दाखवून अवलक्षण! बाईंनी चटईला एक बुक्की मारली, तर तिला ढिम्म फरक पडला नाही.

असंच लोंबकळत राहिलं तर काय होणार, ते त्यांना दिसत होतं. दोघे येणार, पिळायच्या कपड्यासारखं आपल्याला वर ओढणार, आणि मग मरेपर्यंत ऐकायचं. हाक मारावी तर धक्क्यावर माणसं होती. बाईंनी हाक मारली नाही. पलीकडच्या काठाला होड्या ओढून घ्यायचा दगडी उतार होता. त्यांनी चटई सोडली आणि तिकडे निघाल्या.

हे पोहणं पहिल्यासारखं नव्हतं. मधेच हात शिशाचे झाले, तेव्हा उताण्या होऊन थोडा वेळ नुसत्या तरंगल्या. भीती वाटली. चांगलीच वाटली. उताराला हात लागला तेव्हा शेवाळावरून रांगत, गुडघे सोलवटून त्या वर आल्या आणि एका होडीला टेकून बसल्या.

तेवढ्यात धक्क्यावर चिरंजीव आले. हातात जेवणाच्या पिशव्या.

बाईंना इथून सगळं दिसत होतं. त्याने बोटीत वाकून पाहिलं. रिकामी चटई, बाकावर कुर्ता, काठी.

"आई!"

बाई गप्प राहिल्या. शोध म्हटलं. जरा शोध. सुरू करू नकोस म्हणत होतास ना?

त्याने पिशव्या टाकल्या आणि बुटांसकट उडी मारली. चटईखाली गेला. वर आला. पुन्हा खाली गेला. दोरीत हात अडकला, तो त्याने कसाबसा ओढून काढला. सूनबाई धक्क्यावरून ओरडत माणसं गोळा करत होती. तो मान वर काढून, तोंड उघडं टाकून पाणी बडवत होता, आणि त्याच्या घशातून जो आवाज येत होता तो काही शब्द नव्हता. पहिल्या दिवशी गळ्याला चिकटलेलं पोर असंच ओरडलं होतं. तो चौथ्यांदा खाली गेला आणि लवकर वर आला नाही.

बाई होडीची कड धरून पुढे झुकल्या. ते डोकं वर दिसताच त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो पोरांना शिकवतानाचा, जुना.

"तोंड पाण्यात घाल! श्वास सोड! श्वास सोड, मूर्खा!"

त्याने वळून पाहिलं. मग तोंड पाण्यात घातलं आणि त्यांच्याकडे पोहत आला. उतारावर आला आणि गुडघ्यांवरच बसला. बराच वेळ नुसता खोकत होता.

"तू इथे बसून बघत होतीस?"

"हो."

"मेलो असतो मी, आई!"

"असा पोहलास तर मरशीलच."

तो असा ओरडला की होड्यांमागचा कुत्रा पळाला. काय वाटेल ते बोलला. बाईंनी ऐकून घेतलं, कारण त्यातलं बरंच खरं होतं. मग त्याचा दम संपला.

"परत वर का नाही आलीस? चटई बांधलेली होती की."

खोटं तयार होतं. मनात आलं म्हणून इकडे आले, एवढंच म्हणायचं होतं.

"चढता आलं नाही," बाई म्हणाल्या. "पाय उचलत नाही. आणि कड दबत नाही तिची."

आता तो म्हणणार, तरी मी सांगत होतो. बाई वाट बघत राहिल्या. पण त्याच्या डोक्यात ते आलंच नाही.

"मग हाक का नाही मारलीस? एवढी माणसं होती."

"मारली असती, तर पुन्हा कधी पाण्यात उतरू दिलं असतंस मला?"

"दिलं असतं."

"खोटं."

त्याने शर्टाचं टोक पिळलं. पाणी दगडावरून वाहत गेलं.

"हो, खोटं," तो म्हणाला. "मला नाही जमत ते. तू पाण्यात आणि मी वर बसून बघतोय. नाही जमत, आई."

"मग वर बसू नकोस ना!" बाई कडाडल्या. "मी सांगितलंय का तुला वर बसायला? उठव मला."

त्याने काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि रस्त्याकडे वळवलं. बाईंनी पाय रोवले.

"तिकडे नाही."

त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्याने एक शिवी दिली, जिच्यासाठी लहानपणी मार बसला असता, आणि बूट काढून होडीत फेकले.

"बोटीशी गेल्यावर मला खालून ढकलावं लागेल," बाई म्हणाल्या.

"ढकलेन."

"आणि मधे कुठे दमले, तर थांबायचं. धरायचं नाही."

दोघं शेवाळावरून एक एक पाऊल टाकत उतरली. कंबरभर पाण्यात पोचल्यावर बाईंनी त्याचा हात सोडला. त्याने मात्र त्यांचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

"सोड," बाई म्हणाल्या.

त्याची बोटं पांढरी पडली होती.

"सोड म्हणते ना!"

त्याने सोडलं.