वीणाच्या खोलीची कडी

मी एक जुनी दाराची कडी आहे आणि खरं सांगायचं तर आता दमले आहे. पेठ वडगावच्या लालासाब लोहारानं मला घडवलं आणि राजारामपुरीत सरूबाईंच्या भाड्याच्या खोलीला मी आतून बसले. भाडेकरू मला धाडकन लावत आणि विसरून जात.

१९९७ साली वीणा रैना राहायला आली. काश्मीरमधून लहानपणी जीव मुठीत धरून पळालेली, जम्मूच्या छावणीत तंबूत वाढलेली ही मुलगी इथं इंजिनिअरिंग शिकत होती. ती मला लावायची, ओढून बघायची, पुन्हा लावायची. माझी एवढी कदर कोणी केली नव्हती. पण असली कदर कोणाला करावी लागू नये.

शेवटच्या परीक्षेच्या सकाळी शेजारच्या बाळासोनं नवी रिक्षा आणली. पूजा झाली, नारळ फुटला आणि हौसेच्या भरात त्यानं फटाक्यांची माळ नेमकी आमच्या उंबऱ्यापुढं पेटवली. वीणानं मला गच्च लावलं आणि दाराला पाठ टेकून ती खाली बसली.

"पोरी, फटाकं हायती गं! मी सरूबाई. कडी काढ की, पेपर चुकंल!"

वीणा आतून म्हणाली, "काश्मीरमध्ये त्या दिवशी पण शेजारच्याच चाचांनी हाक मारली. ओळखीचा आवाज. पप्पांनी कडी काढली. बंदूकवाल्यांनी चाचांना पुढं उभं केलं होतं."

पूजेला जमलेले लोक दारापुढं गोळा झाले होते.

"बाळासो, गर्दी हटीव. आता कुनी हाक मारायची न्हाय," असं म्हणून सरूबाई पायरीवर बसून राहिल्या. बाळासोनं फटाक्यांचे जळके लाल कागद वेचले आणि दाराखालच्या फटीतून एकेक आत सरकवले. वीणानं ते हातात घेतले, वास घेतला. बऱ्याच वेळानं तिनं मला काढलं.

"बस की, ताई," बाळासो रिक्षा सुरू करत म्हणाला. त्यानं रिक्षा सुसाट सोडली, पण उशीर झाल्यामुळं वीणाला आत घेतलं नाही. तिचं वर्ष गेलं.

पुढच्या वर्षी ती पास होऊन गेली. नंतर नवं दार आलं आणि मी खिळ्यांच्या डब्यात पडले.

मित्रांनो, मला तेल घाला असं मी म्हणत नाही. पण घाबरलेल्या माणसाच्या दारावर थापा मारू नका. बाहेर बसून राहा, कितीही वेळ लागो. वीणाचं वर्ष गेलं खरं, पण कडी तिनं स्वतःच्या हातानं काढली.